तिसऱ्या रांगेतली जागा

२ फेब्रुवारी

प्रिय ढोल्या,

आधी खाली बस. हातात हातोडा असेल तर बाजूला ठेव.

तू मेलास. मला काल दुपारी कळलं. अग्निशमन केंद्राच्या आवारात नवा दगड आणून उभा केलाय, गोणपाटात गुंडाळलेला. लढाईवरून परत न आलेल्या आपल्या बँडवाल्यांची नावं त्यावर कोरायची, असं मंडळाचं गेल्या वर्षापासून चाललं होतं. मी बंबवाल्यांच्या गणवेशांची मापं घ्यायला गेले होते. म्हटलं, बघू तरी कसा झालाय, म्हणून गोणपाट जरा वर केलं. खालून दुसरं नाव तुझं. अक्षर झकास आलंय. जिवंतपणी तुझं नाव एवढं नीट कुणी लिहिलं नव्हतं, तू स्वतः तर नाहीच. मी तिथल्या पाण्याच्या पिंपावर बसले आणि हसत सुटले. एका बंबवाल्याने धावत पाणी आणून दिलं, त्याला वाटलं मी रडतेय. थोडी रडतही असेन.

तुझं वर्षाचं कार्ड गेल्याच महिन्यात आलं होतं, 'मी बरा आहे, तू बरी असशील' हे दरवेळचंच. त्यामुळे तू जिवंत आहेस एवढं मला नक्की माहीत आहे. गावात बाकी कुणाला नाही. माझ्याकडे कोणी विचारत नाही आणि मीही कुणाला सांगत नाही.

आता दगडावर तुझं नाव चढलं कसं, ते सांगते. तुला मी हे कधी लिहिलं नाही, कारण बँडबद्दल तू कधी विचारलं नाहीस आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

लढाईवरून तुम्ही आलात आणि आठवडाही झाला नाही तोच तू बंदरावर निघून गेलास. त्यानंतरच्या एप्रिलात, बँड लढाईवर निघाला होता त्याच तारखेला, म्हाताऱ्या मास्तरांनी सगळ्यांना बँडखोलीत बोलावलं. ठरलं असं, की केंद्रापासून स्टेशनापर्यंत पुन्हा तसंच चालत जायचं. त्याच रांगा, तीच धून. जिना उतरून सगळे खाली आले, रांगा लागल्या. सात जण लढाईवरून परतलेच नव्हते. मास्तर म्हणाले, "जागा भरून घ्या रे, पुढे सरका." कोणी सरकेना. मास्तरांनी पुन्हा सांगितलं. सगळे बुटांकडे बघत उभे. मग मास्तरांनी टोपी काढली, परत घातली आणि "चला," म्हणाले.

तेव्हापासून ती रीतच पडली. ज्याची जागा त्याची, तिथे दुसरा उभा राहत नाही. आणि त्याचे सूरही दुसरा वाजवत नाही. त्यामुळे त्या दिवशी धून अशी वाजते, जसा कसर लागलेला कोट. मधेच क्लॅरिनेट गायब, मधेच सगळंच गप्प. गावातली पोरं शिट्टीवर तीच धून वाजवतात, तर भोकांसकट वाजवतात. मधे थांबतात, चार पावलं मुकाट चालतात, मग पुढची ओळ. त्यांना वाटतं ती मुळातच तशी आहे.

आणि तिसऱ्या रांगेत मधोमध तुझी जागा. तिथेही त्या वर्षी कोणी सरकलं नाही, पण त्याचं कारण निराळं होतं. बेकरीवाला झांजा काखेत मारून सगळ्यांना सांगत होता, "ढोल्या येईल. रुसलाय तो. बघा, कुठल्यातरी कोपऱ्यावर घुसेल." म्हणून ढोल मावेल एवढी ऐसपैस जागा सोडून ते चालले. अख्ख्या वाटेवर प्रत्येक कोपरा आला की माना वळायच्या. दुसऱ्या वर्षीही वळल्या. तिसऱ्या वर्षी कमी. मग माना वळायच्या थांबल्या, जागा तेवढी राहिली. बारा वर्षांनी आता लांबून बघणाऱ्याला काय कळणार, कुठली जागा गेलेल्याची आणि कुठली येणाऱ्याची?

मंडळाचा नवा चिटणीस पाणीपुरवठ्यात कारकून आहे. बदली होऊन आलाय, कुणाला ओळखत नाही, पण हौस दांडगी. त्याने मागच्या एप्रिलात फुटपाथवर उभं राहून रिकाम्या जागा मोजल्या. आठ भरल्या. मग जुन्या फोटोत त्या त्या जागी कोण उभं आहे ते बघून नावं लिहून काढली. अध्यक्ष आपला बेकरीवालाच. तो भट्टीतून पाव काढत होता, म्हणाला, "मोजून घेतलंत ना? मग झालं तर." असा तुझा मुडदा बसवला त्यांनी.

अनावरण सतरा एप्रिलला आहे. काय करायचं ते उलट टपाली कळव. आणि दोन ओळींचं कार्ड नको. मेलेल्या माणसाला तरी वेळ असतो.

तुझी
ताई


२१ फेब्रुवारी

प्रिय ढोल्या,

पत्र मिळालं. पत्र कसलं, कार्डच. 'नाव राहू दे. चुकीचं नाही.' बस्स?

राहू दे म्हणे! तुला लहानपणी आई म्हणायची तेच खरं, या मुलाला बोलायला लावण्यापेक्षा दगडाला पाझर फोडणं सोपं. 'चुकीचं नाही' म्हणजे काय रे? जेवतोस ना? बोटींचे पत्रे ठोकतोस ना दिवसभर? सर्दी झाली तर तुझं नाक वाहतं ना? मग?

मी तुझं ते कार्ड खिशात घालून मंडळाच्या बैठकीला गेले. बँडखोली अजून तशीच आहे, केंद्राच्या माडीवर. भिंतीला वाद्यांच्या खुंट्या, खिडकीशी ती तीन पायांची खुर्ची, सगळीकडे पितळ घासायच्या पावडरीचा वास. म्हातारे मास्तर गेले हे तुला लिहिलं होतं. आता शाळेत गाणं शिकवणारा एक तरुण मास्तर आहे, माणूस भला, पण प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करतो. तो, बेकरीवाला, न्हावी, चिटणीस आणि बंबवाले दोघं बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "माझा भाऊ जिवंत आहे. दगडावरून त्याचं नाव काढा."

चिटणीस चष्म्यावरून बघत म्हणाला, "बाई, काही पुरावा?"

"मी त्याची बहीण आहे. मला माहीत नसणार?"

"तसं नव्हे हो. बारा वर्षांत कोणी त्यांना पाहिलेलं नाही, असं मंडळाचं म्हणणं आहे."

मी कार्ड काढून दाखवलं. पण खालची ओळ अंगठ्याखाली घट्ट दाबून धरली, कारण ती वाचली असती तर सगळं मुसळ केरात. पुरावा म्हणून मी तारीख आणि बंदराचा शिक्का दाखवत होते. बेकरीवाल्याने माझ्या हातासकट कार्ड डोळ्याशी नेलं, दूर धरलं, पुन्हा डोळ्याशी नेलं आणि टेबलावर थाप मारली. "अहो, हे ढोल्याचंच अक्षर! बघा, पत्त्याची एकतरी ओळ सरळ गेलीय? जिवंत आहे लेकाचा!" आणि मग तो एवढा मोठा माणूस, पिठाच्या हातांनी डोळे पुसायला लागला आणि भुवया पांढऱ्या करून बसला. न्हावी उठून त्याच्या पाठीवर हात फिरवत होता.

मला वाटलं, संपलं. पाथरवटही तिथेच दाराशी बसला होता. त्याने सांगितलं की नाव बुजवता येईल, दगडाचीच पूड आणि राळ भरून घासायचं, अनावरणाच्या आधी झालं पाहिजे एवढंच. पण तेवढ्यात तरुण मास्तराने घसा साफ केला.

"मग त्यांच्या जागेचं काय?" तो म्हणाला. "रांगेतल्या. नाव काढायचं आणि जागा रिकामी ठेवायची, हे कसं?"

मी बेकरीवाल्याकडे बघितलं. त्यानेच ती जागा राखली होती, पहिल्या वर्षापासून. त्याने झांजेचा पट्टा बोटाला गुंडाळला. मग म्हणाला, "गेलेल्याची जागा राखतात. येणाऱ्याची राखतात. न येणाऱ्याची कशाला राखायची?"

असं ठरलंय, ढोल्या. नाव बुजवायचं. सतराला तू रांगेत असलास तर जागा तुझी. नसलास तर रांग मिटवायची, आणि पुढच्या वर्षीपासून तिथे न्हाव्याची मुलगी ढोल घेऊन उभी राहील. बाकी वर्षभर तीच वाजवते, चांगली वाजवते, फक्त या एका दिवशी तिला ढोल उचलू देत नाहीत.

मी भांडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण खाली घंटा झाली, कुठेतरी आग लागली होती, बंबवाले दोघं खांबावरून घसरत गेले आणि न्हावी त्यांच्या टोप्या घेऊन जिन्याने पळाला. बैठक तिथेच मोडली. घरी येताना मला भांडायला मुद्दाच सापडेना. बेकरीवाला बरोबर बोलला होता.

कार्डावरची ती खालची ओळ मी कुणाला दाखवलेली नाही आणि दाखवणारही नाही. पण मला उत्तर हवंय.

तुझी
ताई


१२ मार्च

प्रिय ढोल्या,

उत्तर नाही. मला वाटलंच होतं.

मग आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मीच बोलते.

लंबू.

बघ, लिहिलं. बारा वर्षांत आपल्या पत्रांत हे नाव आलं नाही. पहिल्या पत्रात मी नुसतं 'सात जण' म्हणून पुढे गेले, त्या सातांत तो आहे हे तुला ठाऊक आणि मला ठाऊक. त्या धुनेच्या मधोमध जिथे सगळे गप्प होतात, तिथे काय होतं तेही आपल्याला ठाऊक आहे. तिथे बाकी बँड थांबायचा आणि फक्त तुम्ही दोघं उरायचात. त्याचा ट्रम्पेट आणि खाली तुझा ढोल. त्या जागेसाठी लोक दुकानातून बाहेर येऊन उभे राहायचे. मी तर शिलाई मशीन सोडून यायचे, आणि मला बघून तो मुद्दाम एक सूर जास्त लांबवायचा आणि तू ढोलावरून डोळे वटारायचास. आता तिथे कोणीच नाही. ना तो, ना तू.

लढाईत तुमची वाद्यं ठेवून घेतली आणि हातात स्ट्रेचर दिली, हे सगळ्या गावाला माहीत आहे. एका स्ट्रेचरला दोघं, एक पुढे, एक मागे. तुझी जोडी लंबूशी, हेही माहीत आहे. पुढचं मला तू कधी सांगितलं नाहीस. घरी आलास, त्याची टोपी माझ्या टेबलावर ठेवलीस, माझ्याकडे न बघता. मी विचारलं, "कसं झालं?" तू म्हणालास, "झालं." आणि चार दिवसांनी बंदराच्या गाडीत बसलास.

ढोल्या, मला माहीत आहे. दुसऱ्याच वर्षी बेकरीवाल्याने सांगितलं. पाव कागदात बांधता बांधता सांगितलं, मान खाली घालून, आणि सांगून झाल्यावर तोच पाव त्याने तीनदा बांधला. त्या दिवशी पुढे जायची पाळी तुझी होती. तुझे तळहात दांड्यांनी सोलून निघाले होते आणि उतारावर पुढच्यालाच ओझं जास्त. तू लंबूला म्हणालास, "आज तू हो पुढे." तो झाला. खाली ओढ्यापाशी जमिनीत सुरुंग पेरलेले होते आणि पाय पुढच्याचा पडला. स्ट्रेचरवरच्या माणसाला तू तसाच पाठीवर घेतलास आणि तळापर्यंत आणलास. तो माणूस वाचला, हेही बेकरीवाल्यानेच सांगितलं. तू नाहीच सांगितलंस.

एवढंच आहे ना ते? एवढ्यासाठी तू 'चुकीचं नाही' लिहिलंस?

आता माझं ऐक. मी तुला समजावायला बसले होते. लिहिणारच होते की लंबू तसाही पुढे गेलाच असता. त्याच्या ढांगा एवढ्या मोठ्या, टपाल वाटून वाटून पाय पळायला शिकलेले, आणि तू आपला प्रत्येक पाऊल ढोलाच्या ठेक्यात टाकणारा. तुझ्यामागे चालायचं म्हणजे त्याला शिक्षाच, तो मला म्हणायचा, "तुझ्या भावामागे चाललं की स्टेशन येण्याआधी म्हातारपण येतं." हे सगळं खरं आहे. पण याने काही सिद्ध होत नाही. तो पुढे गेला असता की नाही, मला माहीत नाही. तू पुढे असतास तर तू गेला असतास, आणि मी आज हेच पत्र त्याला लिहीत बसले असते. तोही असाच कुठेतरी जाऊन पत्रे ठोकत बसला असता, तुझ्यासारखाच हट्टी.

मी रागावले नाही असं म्हणणार नाही. खूप रागावले. त्या ओढ्यावर, सुरुंग पेरणाऱ्यांवर, वाद्यं हिसकावून स्ट्रेचर देणाऱ्यांवर, लंबूवरही. लग्न ठरलेल्या माणसाने हौसेने पहिल्या दिवशी भरतीला जायचं असतं का? तुझ्यावर रागावले ते एकाच गोष्टीसाठी. माझा एक माणूस गेला होता. तू निघून गेलास आणि ते दोन केलेस.

त्याचं दुःख वाटून घ्यायला मला जगात एकच माणूस होता, ज्याने त्याला माझ्याएवढंच ओळखलं होतं, आणि तो वर्षातून एकदा लिहितो की मी बरा आहे.

मला तुझं नाव त्या दगडावर नकोय. त्याच्या शेजारी तर मुळीच नकोय. त्याच्या शेजारी तू रांगेत हवास.

तुझी
ताई


३० मार्च

प्रिय ढोल्या,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ, तीही प्रश्न. 'ढोलाचं कातडं तेच आहे का?'

मी ते दाराशीच वाचलं. मग आत येऊन पुन्हा वाचलं. मग एका बाईच्या झग्याला अस्तर लावायचं होतं ते उलटं लावलं, सगळं उसवून परत बसावं लागलं. म्हणजे तुझ्या एका ओळीने माझा अर्धा दिवस गेला.

नाही, तेच नाही. जुनं पाच वर्षांपूर्वी फाटलं. नवं बरं आहे, पण न्हाव्याची मुलगी दोऱ्या फार आवळते, आवाज टणटणीत येतो, तुझ्या वेळेसारखा पोटातून येत नाही. मी तिला सहज म्हणून विचारलं, "पूर्वीच्या माणसाला सैल लागायचा, माहीत आहे का?" ती पोरगी चलाख. लगेच म्हणाली, "येणार आहेत का ते?" मी म्हटलं, "मला काय माहीत बाई, मी कपडे शिवते." दुसऱ्या दिवशी बँडखोलीत गेले तर तिने दोऱ्या सैल करून ठेवल्या होत्या.

यायचं की नाही ते मी विचारत नाही. कानाला खडा. फक्त एवढंच सांगते, की गणवेश नव्याने शिवायचं काम माझ्याकडेच आहे आणि कापड थोडं उरलंय. तेव्हा छातीभोवती दोरी धर, गाठ मार आणि पाकिटात घालून पाठव. पोट आत ओढू नकोस. तू नेहमी ओढतोस आणि मग बटणं माझ्या नावाने तुटतात.

दोरी पाठवलीस म्हणजे येतोस असा मी अर्थ काढणार नाही. नाही पाठवलीस तर जे उरेल त्याच्या टोप्या शिवीन.

पाथरवट परवा येऊन तुझं नाव बुजवून गेला. मी उभी होते. तो म्हणाला, "ताई, हात लावून बघा, समजतं का?" डोळ्याला समजत नाही, पण बोटाला समजतं, तिथे दगड जरा जास्तच गुळगुळीत आहे. तुझ्या वरच्या ओळीत लंबूचं नाव आहे. त्यावरून मी हात फिरवला नाही.

तुझी
ताई


१८ एप्रिल

प्रिय ढोल्या,

तू सकाळच्या गाडीने गेलास, गाडी अजून अर्ध्या वाटेतही नसेल, आणि मी लिहायला बसले आहे. लोक म्हणतील, वेडी झाली. काल दिवसभर तू समोर होतास तेव्हा बोलायला काय झालं होतं? तुलाही माहीत आहे काय झालं होतं. तू जेवताना घास हातात धरून "ताई, त्या दिवशी पुढची बाजू..." एवढं म्हणालास आणि मी म्हटलं, "जेव आधी." मग आपण दोघंही जेवत राहिलो, आणि मला एवढं बरं वाटलं की काय सांगू.

पण रांगेत चालणाऱ्याला रांग दिसत नाही. म्हणून काल फुटपाथवरून काय दिसलं ते तुला लिहिते.

तू येणार हे मला ठाऊक नव्हतं. दोरी आली होती (एवढी? माणूस आहेस की पिंप?), कोट शिवून मी बँडखोलीत तुझ्या खुंटीला लावला होता, पण दोन दिवस तो तसाच लटकलेला. सकाळीही तसाच होता. तू स्टेशनातून घरी न येता थेट तिकडे गेलास, याबद्दल तुझ्याशी भांडायचं आहे, ते नंतर. मी औषधवाल्याच्या कोपऱ्यावर उभी होते, दरवर्षीच्या जागी, दरवर्षीच्या म्हाताऱ्या बायकांबरोबर. त्या कोपऱ्याला त्या रुमाल काढून तयार असतात.

आधी बँड दिसत नाही, वळणामागे असतो. नेहमी नुसती पावलं ऐकू येतात. काल पावलांच्या आधी ढोल आला.

बायांचे रुमाल हातातच राहिले. एक दुसरीला विचारते, "हे काय गं?" दुसरी म्हणते, "मला काय विचारतेस!" औषधवाला गिऱ्हाईक सोडून बाहेर आला. आणि मग तुम्ही वळणावरून आलात, आणि इतका गोंधळलेला बँड मी जन्मात पाहिला नव्हता. बारा वर्षं ते बिचारे बेकरीवाल्याच्या "डावा-उजवा" पुटपुटण्यावर चालत होते, आपल्या घाईने. आता मधे ढोल, आणि ढोल तुझा! अर्ध्यांचा डावा, अर्ध्यांचा उजवा. पुढे तरुण मास्तर तंद्रीत चार घरं पुढे निघून गेला, मागे बघतो तर बँड नाही, तसाच काठी सावरत परत आला. बेकरीवाला ओरडत होता, "ढोलाकडे लक्ष द्या रे! ढोलाकडे!" आणि झांजा वाजवायच्या विसरून हसत होता, रडत होता, काय करत होता देव जाणे. चिटणीस माझ्या शेजारी उभा होता. मी त्याला म्हटलं, "आता मोजा जागा." भला माणूस, त्याने खरंच मोजल्या. "सात," म्हणाला, आणि टोपी काढली.

पोरं शिट्टी वाजवत बाजूने पळत होती, तीही थांबली. त्यांच्या धुनेत ढोल नाही ना.

मग तुम्ही माझ्यासमोर आलात आणि नेमकी ती जागा आली.

तुला मी एक सांगितलेलं नाही. ती जागा ते दरवर्षी घाईने ओलांडायचे. कोणी ठरवून नाही. पण सगळे एकदम गप्प झाले की कुणालाच ते सोसायचं नाही, आणि मोजायला ढोल नाही, मग कोणीतरी लवकर फुंकायचं आणि बाकीचे सुटल्यासारखे त्याच्यामागे. जशी दुखऱ्या दातावरून जीभ पटकन काढून घेतो. दरवर्षी मी तिथे डोळे मिटायचे आणि मिटेपर्यंत पुढची ओळ सुरू. लंबू म्हणजे एवढाच, एका श्वासाचा. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

काल सगळे थांबले आणि तू थांबला नाहीस. एका क्लॅरिनेटवाल्याने सवयीने तोंडाला लावलं होतं, तू त्याच्याकडे असे डोळे वटारलेस की त्याने खाली घेतलं. मग नुसता तुझा ढोल. अख्खा रस्ता गप्प, आणि तुझे ठोके एकामागून एक, सावकाश. आणि वर काही नाही. मला पहिल्यांदा कळलं ती जागा केवढी मोठी आहे. मला वाटलं, संपेल आता, संपेल आता, आणि संपेना. तुझ्या ठोक्यांवर मला तो सगळा ऐकू आला, पहिल्या सुरापासून. मधे तो श्वास घ्यायचा तिथे श्वास घेतला. माझ्याकडे बघून लांबवायचा तो सूरही लांबवला. तू त्याच्यासाठी तिथे एक ठोका जास्त दिलास. मी मोजला, ढोल्या. मला येतं मोजायला.

बारा वर्षांनी मी त्याला शेवटपर्यंत ऐकलं. औषधवाल्याने मला खुर्ची आणून दिली, मी बसले नाही.

बंदरातलं काम सुपूर्द करून ये. किती दिवस लागतील ते लागू देत. तुझी खोली मी झाडून ठेवली आहे. तिथल्या कापडाच्या ताग्यांना दुसरी जागा बघते. बेकरीवाला सकाळीच येऊन विचारून गेला की ढोल्या कुठे गेला, आणि मी येईल म्हटलं, तर माझ्याकडे असा बघत राहिला की मलाच दोनदा सांगावं लागलं.

आणि पुढच्या वर्षाचं आत्ताच सांगून ठेवते. सगळे तक्रार करताहेत की तू फार हळू वाजवतोस, पाय दुखले, स्टेशनावर पोचायला उशीर झाला. तू कुणाचं ऐकू नकोस. त्या जागी आणखी थोडं हळू वाजव. मला त्याला अजून थोडं ऐकायचं आहे.

तुझी
ताई